आमची कोठेही शाखा नाही

पुण्यात दुकानदारीचे जे मोजके सुविचार पाट्यांवर रंगवलेले आढळतात, त्यांत ‘आमची कोठेही शाखा नाही’ याचा नंबर फार वरचा. बाहेरगावच्या पाहुण्याला हे वाक्य वाचून हसू येते. जगातले दुकानदार आपल्या शाखा किती आहेत ते छाती काढून सांगतात आणि हा गृहस्थ एकही नाही म्हणून सांगतो. तेही अशा थाटात, की शाखा असणे म्हणजे खानदानात काहीतरी भानगड असणे! पण संगणकाच्या प्रोग्रॅमवर पोट भरण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो, या पाटीत विनोद अजिबात नाही. तो अनुभवाचा अर्क आहे.

आमच्या धंद्यात शाखेवाचून पान हलत नाही. म्हणजे कंपनीच्या शाखा नव्हेत. कंपनी एकाच मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असली की तोही फार वाटतो. शाखा असतात त्या प्रोग्रॅमच्या. एकाच प्रोग्रॅमवर दहा-बारा माणसे काम करतात. सगळ्यांनी एकदम मूळ प्रतीत हात घातला, तर चाळीतल्या नळावर बारा कळश्या एकदम लावल्यासारखे होईल. म्हणून प्रत्येक जण मूळ प्रतीपासून आपली एक शाखा फोडतो, तिच्यात बसून आपले नवे काम करतो आणि काम संपले की ती शाखा मुख्य खोडाला परत जोडतो. या जोडण्याला आम्ही ‘मर्ज’ म्हणतो. शाखा फोडायला क्षण पुरतो. जोडायला किती वेळ लागेल ते, वेगळ्या चुली मांडलेल्या भावांना पुन्हा एका चुलीवर आणायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल, त्यांना विचारावे.

हे पहिल्यापासून असे नव्हते. १९७२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारी पहिली नाव घेण्यासारखी प्रणाली केली. मग १९८२ साली वॉल्टर टिची यांची आली. या दोन्हींचा नियम चाळीच्या टोकाला असलेल्या त्या खोलीसारखा होता: एक जण आत असला की कडी लागलेली, बाकीच्यांनी डबा घेऊन रांगेत उभे राहायचे. फाइल ज्याने घेतली त्याच्या नावाचे कुलूप. पद्धत सरळ होती. फक्त आतला गृहस्थ फाइलला कुलूप घालून गावी आंबे खायला गेला, की रांगेची अवस्था बघवत नसे.

मग अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात डिक ग्रूने नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी एकाच प्रोग्रॅमवर काम करीत होते आणि तिघांच्या वेळा काही केल्या जुळेनात. प्राध्यापक जागे तेव्हा विद्यार्थी झोपलेले, हे जगात सर्वत्रच चालते. त्यांनी कुलूपच काढून टाकले. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा काम करावे, भांडणे नंतर मिटवू! ही प्रणाली १९८६ साली बाहेर आली आणि तेव्हापासून भांडणे ‘नंतर’ होऊ लागली.

पुढे २००५ साली लिनक्सच्या मंडळींवर पाळी आली. ती ज्या प्रणालीवर काम करीत होती, तिचा फुकट परवाना मालकाने काढून घेतला. महिन्याची मुदत न देता भाडेकरूला बाहेर काढावे, तसे झाले. लिनस टॉरवल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःच नवे घर बांधायला घेतले आणि १८ एप्रिलला त्यात अनेक शाखांची पहिली जोडणी लागलीसुद्धा. त्याचे नाव गिट. आज जवळजवळ सारी दुनिया तेच वापरते. मी घरी मोठ्या कौतुकाने म्हणालो, “आता आमचं सगळं काम गिटवर.”

“ते ढोकळ्याच्या पाकिटाचं?” सौ. म्हणाल्या. “बरं झालं. निदान एक पदार्थ तरी येईल.”

आता हे जोडकाम यंत्र कसे करते, ते सांगतो. समजा, लग्नपत्रिकेचा कच्चा मसुदा आहे. त्याची एक प्रत वधूपक्षाकडे गेली, एक वरपक्षाकडे. दोघांनी आपापले बदल केले. आता तीन कागद झाले: मूळ मसुदा, वधूपक्षाची प्रत, वरपक्षाची प्रत. यंत्र तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीमागून ओळ बघते. एखादी ओळ फक्त वधूपक्षाने बदलली असेल, तर ती नवी ओळ घेते. फक्त वरपक्षाने बदलली असेल, तर ती घेते. दोघांनीही एकच ओळ वेगवेगळी बदलली, म्हणजे एकाने निमंत्रकांत मोठ्या काकांचे नाव आधी घातले आणि दुसऱ्याने मामांचे, तर यंत्र हात टेकते. ओळीच्या वर सात बाण, मधे सात बरोबरचिन्हे, खाली सात बाण असे कुंपण घालून दोन्ही मजकूर तसेच ठेवते आणि म्हणते, तुमचे तुम्ही बघा. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. यंत्र समजूतदार आहे. मानपानात पडत नाही.

यात तो मूळ मसुदा फार महत्त्वाचा. तो नसेल तर कोणी काय बदलले हे कळायचे कसे? म्हणून गिट आधी दोन्ही शाखांचा समाईक पूर्वज शोधते. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध. गिटचे उलटे आहे. दोघांचे गोत्र एक नसेल, तर २०१६ सालापासून ते लग्न लावायला साफ नकार देते. फारच हट्ट केला तर लावते, पण मग तुमच्याकडून तसे स्पष्ट लिहून घेते. शिवाय वऱ्हाड दोनच पक्षांचे हवे, असेही नाही. लिनक्समध्ये २०१४ साली एका जोडणीला सहासष्ट आईबाप होते. टॉरवल्ड्ससुद्धा ते बघून चक्रावला म्हणतात.

भांडणे आपोआप मिटवायच्या युक्त्याही गिटमध्ये आहेत. एक सूचना अशी आहे की भांडण झाले की ‘आमचेच खरे’. दुसरी, ‘तुमचेच खरे’. पहिली आमच्या साहेबांना फार आवडली. तिसरी युक्ती मात्र बिलंदर आहे. एकदा एखादे भांडण तुम्ही कसे मिटवले, ते गिट लक्षात ठेवते आणि तेच भांडण पुन्हा उपटले की न विचारता तसेच मिटवते. आमच्या थोरल्या आत्याबाई हेच करीत. “सुमनच्या लग्नात असाच वाद झाला होता, तेव्हा विहिणीला पैठणी देऊन मिटवला,” असे म्हणून त्या पुढल्या प्रत्येक लग्नात पैठणी देववीत. एका लग्नातला वाद मांडववाल्याशी होता, पण पैठणी निघालीच.

आमच्या कचेरीत हे काम वर्षानुवर्षे एकच माणूस करीत असे. सगळे त्यांना काका म्हणत. हाफशर्ट, खिशाला दोन पेने, आणि बगलेत दोनशे पानी वही. गुरुवार हा जोडणीचा वार. त्या दिवशी काका सकाळी देवाला जाऊन येत आणि मग एकेक शाखा घेऊन बसत. मधूनच एखाद्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहत.

“काय रे, ही ओळ तू बदललीस?”

“हो काका.”

“का?”

या ‘का’ला तरुण मंडळी फार भीत. ओळ बदलताना ‘का’ हे कोणाच्या मनात असतेच असे नाही. काका उत्तर ऐकून घेत, वहीत काहीतरी लिहीत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. चार वाजता सगळ्यांना चहाला गोळा करीत आणि कोण काय करतो आहे ते विचारीत. आम्ही समजत होतो, त्यांना गप्पांची हौस आहे.

आम्ही प्रोग्रॅम करतो ते पतपेढ्यांसाठी. त्यामुळे एकदा फार बिकट प्रसंग ओढवला. एका मोठ्या पतपेढीचे अध्यक्ष साहेबांना भेटायला आले होते. टोपी, पांढरे धोतर, हातात चहाची बशी. तेवढ्यात पलीकडून काकांचा फोनवरचा आवाज आला:

“एकवीस नंबरची शाखा आजच बंद करा, काही उरलं नाही तिच्यात. सातव्या शाखेत भांडणं फार आहेत, ती उद्या बघतो. बाकी सगळ्या आज संध्याकाळी विलीन. अध्यक्षांना? छे, त्यांना कशाला सांगायचं!”

अध्यक्षांची बशी टेबलावर आली. “साहेब,” ते म्हणाले, “उपनिबंधकांचं पत्र कधी आलं? आणि मला सोडून सगळ्यांना माहीत?”

त्यांचेही चूक नव्हते. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या एका दिवसात चार झाल्या होत्या. विलीनीकरण या शब्दाचा माणसाने धसका घेतला, तर दोष कुणाला द्यायचा? साहेबांना त्यांची समजूत घालायला तास लागला. जाताना अध्यक्ष काकांच्या टेबलापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “आमची सातवी शाखा मात्र तेवढी सांभाळा. व्याह्यांना तिथं लावलंय.”

मग काकांची निवृत्ती जवळ आली. साहेबांनी सभा घेतली आणि यापुढे मर्ज यंत्र करील, असे जाहीर केले. हे काम आले एका नव्या मुलीकडे. मुलगी हुशार, सातारची, बोलायला चटपटीत. तिने आठवड्यात सारे उभे केले. तिने बांधले त्याला मर्ज क्यू म्हणतात. क्यू म्हणजे रेशनच्या दुकानासारखी रांग. तुमचे काम झाले की शाखा रांगेत लावायची. नंबर आला की यंत्र मुख्य खोडाची एक प्रत घेते, तुमची शाखा तिला जोडून बघते, त्या जोडलेल्या प्रतीवर सगळ्या चाचण्या चालवते आणि पास झाले तरच ती प्रत मुख्य खोड म्हणून पुढे येते. नापास झाले तर तुम्ही रांगेबाहेर. यातली खुबी अशी, की मागच्याची परीक्षा त्याच्या पुढच्यांसकट होते. दोन शाखा एकेकट्या गुणी आणि एकत्र आल्या की दंगा, ही गोष्ट आधीच कळते. ज्यांना दोन भाचे सुट्टीत घरी ठेवायचा अनुभव आहे, त्यांना यातले महत्त्व समजेल.

कल्पना तशी जुनी आहे. रस्ट नावाची भाषा ज्याने सुरू केली, त्या ग्रेडन होर यांनी २०१४ साली तिच्यावर टिपण लिहिले होते. मुख्य प्रत अशी राखा की ती सदैव सगळ्या चाचण्या पास झालेली असेल, आणि हे राखायचे काम यंत्राकडे द्या. यात अगम्य काही नाही, असेच त्यांचे म्हणणे. गिटहबसारख्या मोठ्या ठिकाणीही २०२३ च्या जुलैपासून ही रांग तयार मिळू लागली.

तीन आठवडे स्वर्ग होता. गुरुवारची धास्ती गेली. शाखा रात्री रांगेत लावावी, सकाळी जोडलेली असावी. कोणी ‘का’ विचारीत नव्हते. साहेबांनी तर यंत्राला हार घालायचा विचार बोलून दाखवला. पण यंत्र नेमके कुठे आहे हे कोणालाच दाखवता येईना, म्हणून हार वाया गेला.

चौथ्या आठवड्यात एका पतपेढीतून फोन आला. नवा प्रोग्रॅम तिथे चाचणीसाठी चढवला होता. मुदत ठेवींच्या टेबलावरच्या बाई बोलत होत्या.

“अहो, तुमच्या मशीननं एका आजोबांना लाखावर वर्षाचं साडेआठ लाख व्याज लावलंय.”

“साडेआठ हजार म्हणायचंय का तुम्हाला?”

“मला तसंच म्हणायचंय. मशीनचं म्हणणं वेगळं आहे. आणि एक सांगते, एवढं व्याज कबूल करणारा माणूस आठ दिवसांत गाव सोडतो, असा आमचा अनुभव आहे.”

झाले होते ते असे. व्याज काढणाऱ्या हिशेबाला दर पूर्वी ८.५ असा टक्क्यांत द्यायचा असे. एकाने आपल्या शाखेत तो हिशेब बदलला: यापुढे दर ०.०८५ असा द्यावा. आणि शहाण्या माणसाप्रमाणे जिथे जिथे हा हिशेब वापरला होता, तिथे तिथे त्याने बदल करून ठेवला. त्याच आठवड्यात दुसऱ्याने आपल्या शाखेत ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींची एक नवी फाइल लिहिली आणि तिच्यात जुन्या पद्धतीप्रमाणे दर दिला ८.५. पहिल्याला दुसऱ्याची फाइल दिसली नाही, कारण ती तेव्हा खोडावर नव्हतीच. दुसऱ्याला पहिल्याचा बदल दिसला नाही, कारण तोही नव्हता. दोघांनी एकाही सामाईक ओळीला हात लावलेला नव्हता. यंत्राला भांडण दिसले नाही. नव्या फाइलची चाचणी कोणी लिहिली नव्हती, म्हणून रांगेलाही दिसले नाही. दोघेही बरोबर, यंत्रही बरोबर, आणि आजोबा लक्षाधीश.

पुन्हा त्या लग्नपत्रिकेकडे या. वरपक्षाने मुहूर्त सकाळी ११.४० चा बदलून गोरज केला. वधूपक्षाने आठ ओळी खाली ‘लग्न लागताच भोजन, दुपारी १२.३०’ अशी नवी ओळ घातली. एकच ओळ दोघांनी बदललेली नाही. यंत्र आनंदाने पत्रिका छापून देईल. लोक जेवून घरी गेल्यावर लग्न लागेल. पाहुण्यांची हरकत नसेल, पण ते निराळे.

सात बाणांचे कुंपण घालून यंत्र जे भांडण समोर ठेवते, त्याला भिण्याचे कारण नाही. ते दिसते, म्हणून मिटते. घात करतात ती न दिसणारी. आणि साडेआठ लाखांची गोष्ट हसण्यावारी गेली ती आकडा मोठा होता म्हणून. तीच गल्लत उलट्या बाजूने झाली असती, तर आजोबांच्या खात्यावर ८५ रुपये पडले असते. जास्त पैसे पाहून कोणीतरी फोन करते. कमी पैसे पाहून म्हातारा माणूस दोनदा चष्मा पुसतो, ‘आता व्याजच कमी झालंय म्हणे’ असे स्वतःशी म्हणतो, आणि औषधाची एक पट्टी कमी घेऊन घरी जातो. फोन कोणालाच येत नाही.

साहेब त्या मुलीवर चिडायच्या बेतात होते. पण ती त्यांच्याआधीच काकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“काका, तुम्ही असतात तर तुम्हाला हे ओळी बघून कळलं असतं का?”

“ओळी बघून? छे गं,” काका म्हणाले. “दोन वेगळ्या फायली. त्यात बघण्यासारखं काय असणार? मला चहाला कळलं असतं. एक म्हणाला असता, व्याजाचं बघतोय. दुसरा म्हणाला असता, मीही ज्येष्ठांच्या व्याजाचंच बघतोय. मग मी म्हटलं असतं, बाबांनो, एका बाकावर बसा.”

आणि त्यांनी वही पुढे केली. इतक्या वर्षांत काका टेबलाटेबलाशी काय लिहीत होते, ते तेव्हा कळले. प्रत्येक जुने भांडण त्यात होते: कोणत्या दोन कामांची टक्कर झाली, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय तपासायचे. लीप वर्षाचा दिवस. आधी हप्ता की आधी दंड. पैशांची पूर्णांकात बेरीज. ती मुलगी तीन दिवस काकांशेजारी खुर्ची टाकून बसली आणि वहीतल्या एकेका भांडणाची तिने एकेक चाचणी केली. आता रांगेतल्या प्रत्येक शाखेला काकांची सगळी वही पार करून जावे लागते. यंत्र रात्री दोन वाजताही ‘का’ विचारते, फक्त चहा देत नाही.

दुसरा नियम तिने आणखी केला: दोन दिवसांहून जुनी शाखा रांगेत घेतली जाणार नाही. काम मोठे असेल, तर त्याचे तुकडे करून रोज थोडे थोडे जोडा. मंडळींनी कुरकुर केली. पण हेही तिच्या डोक्यातून निघालेले नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाली मंडळी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत आली आहेत. शाखा जितके दिवस वेगळी, तितके दोन्हीकडचे बदल वाढतात आणि तितके एकमेकांविषयीचे अज्ञानही वाढते. यंत्र बदल जोडते. अज्ञान जोडायची सोय अजून निघालेली नाही. तेव्हा जोडणी जितकी यांत्रिक करायची, तितकी ताटातूट कमी दिवसांची हवी. आणि ताटातूट कमी करता करता टोकाला गेले, की शेवटी काय उरते? ‘आमची कोठेही शाखा नाही’! जे कळायला जगाला इतकी संशोधने करावी लागली, ते आमच्या पेठेतल्या मिठाईवाल्याने पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत केव्हाच रंगवून ठेवले होते. तोही दुपारी एक ते चार रांग बंद ठेवतो, एवढाच फरक.

काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना घड्याळ दिले आणि यंत्राला त्यांचे नाव. हल्ली सकाळी संगणक उघडला, की निरोप दिसतो: ‘काका: तुमची शाखा जोडली.’ किंवा, ‘काका: तुमची शाखा परत पाठवली, दंडाचा हिशेब बघा.’ खऱ्या काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “नाव दिलंत ते ठीक आहे. चार वाजता चहाला कोण बोलावतं?”

ती मुलगी बोलावते. एकेका टेबलापाशी उभी राहते आणि कोण काय करतो आहे ते विचारते. परवा एक नुकताच लागलेला पोरगा तिला म्हणाला, “ताई, मर्ज तर मशीन करतं. मग रोज ही चौकशी कशाला?”

“मशीन मर्जच करतं,” ती म्हणाली. “ऊठ. चहा गार होतोय.”